वंशावळीतून गाळलेले नाव

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुलवृत्तांताचे एखादे जाडजूड पुस्तक असेल. निदान वडिलांनी किंवा आजोबांनी स्वहस्ते लिहून ठेवलेली वंशावळ तरी असेल. ती उघडून पाहिली म्हणजे असे दिसते की, आपल्या घराण्यात जन्मास आलेले यच्चयावत् पुरुष विद्वान, धर्मशील आणि परोपकारी होते. कोणी पेशव्यांच्या पदरी होता, कोणी देऊळ बांधले, कोणी विहीर खणली. वाईट मनुष्य असा कोणत्याच घराण्यात झालेला नसतो. मग एकोणिसाव्या शतकात ठाण्याचा तुरुंग कोणाच्या पूर्वजांनी भरला होता, असा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

परंतु बारकाईने पाहणाऱ्यास ह्या वंशावळीत एखादी जागा अशी आढळते की, तेथे नुसते नाव असते आणि पुढे ‘परागंदा’ एवढाच शेरा असतो. घरात चौकशी करावी, तर एखादी वृद्ध आजी सांगते, “ते काशीस गेले, ते परत आलेच नाहीत.” अधिक विचारले, तर ती विषय बदलते. आता काशीस गेलेले सर्वच काशीस गेले होते असे नाही. त्यांतील काही ठाण्यास गेले होते, आणि काही त्याच्याही पलीकडे, समुद्रापार गेले होते. अशा पूर्वजाचा शोध कसा करावा, आणि शोध लागल्यावर त्याचे काय करावे, ह्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

विषय दूरचा वाटू नये म्हणून आपण आपल्या जवळचाच मुलूख घेऊ. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे एकाच लोहमार्गावर ओळीने आहेत. पण तेथील घरांचे पूर्वज एका ठिकाणचे नव्हेत. बदलापूरच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारी जुनी घराणी आहेत. त्यांचा कागद ठाण्याच्या कचेरीत निर्माण झाला. अंबरनाथास शिलाहारांच्या काळचे, शके ९८२ मधील शिवालय आहे. पण आजची वस्ती बव्हंशी विसाव्या शतकात कारखान्यांच्या निमित्ताने कोकणातून आणि देशावरून आलेली. ह्या मंडळींचा कागद रत्नागिरीस, साताऱ्यास किंवा नगरास शोधावा लागतो. आणि उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेले गाव; ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यास हे नाव मिळाले. ह्यांचे पूर्वज कराचीच्या किंवा सिंध-हैदराबादच्या न्यायाधीशापुढे उभे राहिले असणार. म्हणून पहिला प्रश्न ‘आपण कोठे राहतो’ हा नसून, ‘त्या वर्षी आपले घर कोणत्या जिल्ह्यात होते’ हा होय.

दुसरा प्रश्न काळाचा. व्हिक्टोरिया राणी २० जून १८३७ रोजी गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तली. ह्या काळाला आपली जुनी माणसे ‘राणीचे राज्य’ म्हणत. पण त्यातील पहिली एकवीस वर्षे येथे कारभार कंपनी सरकारचा होता. तो १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने राणीकडे गेला. शोध करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ह्याहूनही महत्त्वाची तारीख म्हणजे १ जानेवारी १८६२. त्या दिवशी १८६० ची दंडसंहिता अमलात आली, आणि त्याच वर्षीच्या १४ ऑगस्टला मुंबईचे हायकोर्ट स्थापन झाले. तत्पूर्वी मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत १८२७ चे चौदावे रेग्युलेशन हा फौजदारी कायदा होता, आणि वरचे न्यायालय म्हणजे सदर फौजदारी अदालत. तेव्हा १८६२ पूर्वीचा पूर्वज अदालतीच्या कागदांत शोधावयाचा आणि नंतरचा सेशन्स व हायकोर्टाच्या कागदांत. १८६० ची संहिता ३० जून २०२४ पर्यंत टिकून राहिली; त्यामुळे जुन्या कागदावर ‘कलम ३७९’ दिसले की ती चोरी, ‘३९५’ म्हणजे दरोडा आणि ‘३०२’ म्हणजे खून, हे कोणताही वकील आपणास चटकन सांगू शकेल.

आता प्रत्यक्ष शोधास आरंभ करू. तो मुंबईच्या दप्तरखान्यात नव्हे, घरात करावयाचा. समजा, बदलापूरकडील एखाद्या घरात असा एक पणजोबा आहे, जो ‘काशीस गेला’. त्याच्या जाण्याचे वर्ष कोणास ठाऊक नाही. अशा वेळी तीर्थोपाध्यायांची मोठी मदत होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. घरातील कोणी यात्रेस गेला की, त्याने आपले नाव, वडिलांचे व आजोबांचे नाव, भाऊ, मुले आणि गाव त्या चोपडीत लिहावयाचे, अशी रूढी. समजा, शके १७९० मध्ये पणजोबाची सही आहे, आणि शके १८०१ मध्ये त्याच्या भावाने लिहिलेल्या यादीत त्याचे नाव नाही. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. म्हणजे मनुष्य १८६८ आणि १८७९ ह्यांच्या दरम्यान गेला. जेथे साठ-पासष्ट वर्षे चाळावी लागली असती, तेथे अकरा उरली.

दुसरे साधन जमिनीचे. कर्ता पुरुष तुरुंगात गेला की घरची शेती उभी राहत नाही. सारा थकतो, जमीन भावाच्या किंवा सावकाराच्या नावे होते. जमिनीच्या खातेदारात ज्या वर्षी अकस्मात बदल झाला, त्या वर्षाच्या मागेपुढे घरावर काही संकट आले असावे, असा तर्क करण्यास जागा असते. तर्क हा पुरावा नव्हे. पण कोठे खणावे हे तो दाखवितो.

वर्षाचा अदमास लागला म्हणजे मग नावाची अडचण येते. आपण आडनावाने शोधतो. जुने कागद आडनावाने बोलत नाहीत. तेथे ‘राणू बिन धोंडू’ असे असते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि स्त्री असल्यास ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. त्यापुढे जात, वय आणि गाव. म्हणून पूर्वजाच्या वडिलांचे नाव माहीत असल्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. एका गावात राणू दहा असतील, पण धोंडूचा राणू एखादाच असावयाचा. त्यात इंग्रजी कारकुनांनी नावांचे जे हाल केले आहेत ते निराळेच. ठाण्याचे ‘टॅना’, कल्याणचे ‘कॅलियन’ ही तर नेहमीची रूपे. माणसांच्या नावांचेही तसेच. तेव्हा नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, आणि परक्या कानास ते कसे ऐकू आले असेल ह्याची कल्पना करावी. शोध करणाऱ्यास हा एक उपयुक्त अभ्यास आहे.

कागद कोणते मिळतात? मामलेदाराच्या किंवा पोलिसांच्या कचेरीत घेतलेली जबानी मराठीत आणि मोडी लिपीत असे. ती पुढे जिल्ह्यास जाताना तिचा इंग्रजी गोषवारा होई, आणि त्या गोषवाऱ्याचाही गोषवारा मुंबई सरकारच्या न्यायखात्याकडे जाई. किरकोळ खटल्यांचे मूळ कागद मुदत संपल्यावर नष्ट करण्याची रीत होती. म्हणून एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या पूर्वजाने दोन पायली भात चोरले, तो बहुधा सापडत नाही. ज्याला फाशी किंवा काळे पाणी झाले, तो सापडण्याचा संभव पुष्कळ. कारण त्याचा कागद वरिष्ठ न्यायालयाकडे आणि सरकारकडे गेलेला असतो. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागात न्यायखात्याचे हे खंड वर्षवार लावलेले आहेत. हा संग्रह मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. खंडांना सूची असतात, पण त्या वर्षाच्या आणि विषयाच्या. वर्ष न घेता तेथे जाणारा मनुष्य हात हलवीत परत येतो. ह्याच कारभाराच्या प्रती विलायतेसही पाठवीत असत. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. येथील पान वाळवीने खाल्ले असेल, तर तेथील कधी कधी शाबूत मिळते.

छापील साधने घरबसल्या पाहता येण्याजोगी आहेत. सदर फौजदारी अदालतीचे निवडक निवाडे त्याच काळी छापून निघाले; हायकोर्टाचे निवाडे १८७६ पासून लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत येऊ लागले. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. खुद्द ठाण्यास १८६६ पासून ‘अरुणोदय’ हे वर्तमानपत्र निघत होते, आणि पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ तर १८४९ पासूनचे. वर्तमानपत्राचा विशेष असा की, न्यायाधीशाच्या निकालात नसलेली एक गोष्ट तेथे असते: गाव त्या प्रकरणाविषयी काय म्हणत होते.

शिक्षा काळ्या पाण्याची असेल, तर शोध समुद्रापार जातो. १८५८ पूर्वी आपल्या इलाख्यातील हे कैदी मॉरिशस, सिंगापूर, पिनांग अशा ठिकाणी जात. १८३६ साली डार्विन हा शास्त्रज्ञ मॉरिशसला उतरला, तेव्हा तेथे रस्त्यांवर काम करणारे हिंदी कैदी त्याने पाहिले. त्यांची संख्या त्याने सुमारे आठशे दिली आहे, आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे त्याला नवल वाटल्याचे नमूद केले आहे. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज हे मोठे प्रार्थनामंदिर १८५६ ते १८६१ ह्या वर्षांत हिंदी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. १० मार्च १८५८ रोजी अंदमानात पहिले दोनशे कैदी उतरले, आणि तेथून पुढे काळे पाणी म्हणजे अंदमान असे समीकरण झाले. तेथे कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर त्याचा क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. नाव मागे पडून क्रमांक पुढे येई. म्हणून अंदमानच्या कागदांत शोधावयाचे, तर आधी तो क्रमांक मिळवावा लागतो. चांगल्या वर्तनाच्या कैद्यास काही वर्षांनी स्वतःच्या श्रमावर राहण्याची आणि तेथेच लग्न करण्याची परवानगी मिळे. तेव्हा येथे ज्याच्या नावे पिंडदान झाले, त्याची नातवंडे पोर्ट ब्लेअरला वाढली असण्याचाही संभव आहे.

उल्हासनगरच्या मंडळींनी येथे निराश होण्याचे कारण नाही. त्यांना वाटते, आमचे गाव सरहद्दीपलीकडे गेले, आता कागद कोठून मिळणार? परंतु सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. सिंधची न्यायालये कराचीस निराळी होती, आणि मूळ खटल्यांचे कागद तिकडेच राहिले हे खरे. पण सिंधचा कमिशनर मुंबई सरकारला उत्तरदायी असल्यामुळे त्याचा पत्रव्यवहार मुंबईच्या दप्तरात आला. १८५८ साली कराचीहून सुटलेली कैद्यांची जहाजेही अंदमानासच गेली. शिवाय हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांत सिंधी घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या सापडतात. त्या बह्यांना फाळणीची सरहद्द लागली नाही. घरदार, शेतीवाडी मागे ठेवून आलेल्या कुटुंबास आपल्या आजोबांच्या आजोबांचा कागद कल्याणहून तासाभराच्या अंतरावर मिळावा, हा इतिहासाने केलेला थोडासा उपकारच म्हणावयाचा.

येथवर शोधाची वाट झाली. आता समजा, शोध लागला. कागदावर पूर्वजाचे नाव आहे, पुढे गुन्हा आहे, शिक्षा आहे. हा कागद वाचावयाचा कसा? माझ्या मते सर्व प्रयत्नातील अवघड भाग तो हाच. कारण ‘गुन्हेगार’ हा शब्द एक असला, तरी त्याखाली त्या काळी अगदी निरनिराळी माणसे आणून बसविलेली होती.

आपल्या ठाणे जिल्ह्याचेच पाहा. येथील शेतकरी भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर राब भाजतो. त्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत लागते, आणि हे सर्व तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून आणीत आला. १८७८ चा जंगल कायदा आला आणि जे काल शेतीचे काम होते, ते आज राखीव जंगलातील गुन्हा ठरले. ह्या राबावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की, १८८५ साली सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. तीच गोष्ट मोहाची. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गाळणे बंद केले. आणि १८९२ च्या कायद्याने तर ह्याच दोन जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घातले. झाडाखाली पडलेली फुले टोपलीत भरणारी बाई त्या कायद्याने अपराधी ठरू शकत होती.

दरोड्याचेही असेच. दंडसंहितेप्रमाणे पाच किंवा अधिक माणसांनी मिळून बळजबरीने चोरी केली, तर तो दरोडा. त्यास शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत. सावकाराच्या घरी एकट्याने घुसून खत पळविणारा आणि गावातील सहा जणांसह जाऊन तेच खत हिसकावून घेणारा, ह्यांच्यात कायद्याने एवढे अंतर होते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हुडकून जाळली, हे प्रसिद्धच आहे. तेव्हा ‘दरोडेखोर’ हा शब्द वाचताच मिशा पिळलेला लुटारू डोळ्यांपुढे आणण्याची घाई करू नये. आधी काय लुटले, कोणाचे लुटले, बरोबर कोण होते, हे पाहावे.

आणि पूर्वज म्हणजे पुरुषच, असे तरी कोठे आहे? १८८१ साली सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस, जन्मलेल्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, आणि पुढे ती कमी करण्यात आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून जे तोंडसुख घेण्यात आले, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. पुनर्विवाह निषिद्ध असलेल्या घरांतून अशा किती स्त्रिया न्यायालयापुढे आल्या असतील! वंशावळीत तर त्यांना मुळातच जागा नव्हती. अशा स्त्रीचा कागद हाती आला, तर त्यात ज्या पुरुषाचे नाव नाही त्याचाही विचार करावा.

सरकारी शब्द बदलला की माणूस किती बदलतो, ह्याची दोन मोठी उदाहरणे ठाण्याच्याच तुरुंगाशी निगडित आहेत. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला. त्याचा इंग्रजांनी तुरुंग केला. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे ह्यांनी महादेव कोळी मंडळींस जमवून सरकार आणि सावकार दोघांविरुद्ध बंड केले. १८४८ च्या आरंभी ते पंढरपुरास पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्यास त्यांना फाशी दिले. दुसरे वासुदेव बळवंत फडके. जन्म पनवेलजवळच्या शिरढोणचा, १८४५ सालचा. शिक्षणाच्या निमित्ताने काही काळ ते कल्याणास होते. १८७९ साली त्यांचे बंड झाले, पुण्यास खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ठाण्याच्या तुरुंगातून त्यांना एडनला नेले, आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते निवर्तले. ह्या दोघांविषयीच्या सरकारी कागदांत ‘लुटारू’, ‘दरोडा’ हेच शब्द आहेत. पुढे १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून आपल्या दप्तरातील कागद ग्रंथरूपाने छापले, तेव्हा फडक्यांच्या बंडाचे कागद त्यात आले. कागद तेच, वाचणारे सरकार बदलले.

परंतु येथेच एक मोह उत्पन्न होतो, त्याविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. काल ज्या पूर्वजाचे नाव गाळले, त्यालाच आज एकदम स्वातंत्र्यवीर करून टाकावयाचे, हा तो मोह. कागद वाचण्यापूर्वी लाज आणि कागद वाचल्यावर अभिमान, ह्या दोन्ही भावना सत्याच्या सारख्याच वैरी आहेत. काही माणसे खरोखरच वाईट होती. त्यांनी शेजाऱ्याचे घर फोडले, दागिन्यासाठी लहान मुलास मारले, बायकोस विहिरीत लोटले. बंडाच्या धामधुमीतही सावकारांची नाके-कान कापल्याच्या हकीकती आहेत. त्या सावकारासही मुलेबाळे होती, आणि त्याचेही वंशज आज कोठेतरी आपली वंशावळ चाळीत असतील. तेव्हा निकालपत्रात आपल्या पूर्वजाचे नाव शोधताना, ज्याचे नुकसान झाले त्याचेही नाव टिपून घ्यावे. एवढे केले म्हणजे पुष्कळ तोल आपोआप सांभाळला जातो.

उलट पक्षी, ज्याने काहीच केले नाही त्यालाही कायद्याने गुन्हेगार ठरविल्याची उदाहरणे आहेत. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला, आणि १९११ साली तो आपल्या इलाख्यासही लागू झाला. त्या कायद्याने सबंध जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदविल्या गेल्या. नावे रजिस्टरात, बोटांचे ठसे, ठराविक वेळी हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला आणि ही मंडळी ‘विमुक्त’ म्हणविली जाऊ लागली. अशा घराण्यातील तरुणास पणजोबाचे नाव पोलिसांच्या रजिस्टरात सापडले, तर ते पणजोबाच्या कृत्याचा पुरावा नव्हे. ते कायद्याच्या कृत्याचा पुरावा होय.

इंग्लंडने १७८८ ते १८६८ पर्यंत सुमारे एक लक्ष बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियास धाडले. त्यांच्या नातवंडांनी पूर्वजांचा हा इतिहास कित्येक वर्षे झाकून ठेवला. ‘कैद्याचा डाग’ अशी तिकडे संज्ञाच होती. आज तेथील लोक दप्तरखान्यात जाऊन, आपल्या घराण्यात असा कैदी निघतो का, हे हौसेने पाहतात. आपण त्या टोकास जावे असे नाही. पण त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तेथे कैद्याच्या नावापुढे केवळ गुन्हा लिहीत नाहीत, उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, मागे राहिलेली मुले, हे सर्व दप्तरात आहे, आणि वंशज ते सर्व उतरून घेतात.

आपणही तसेच करावे. वंशावळीत ‘परागंदा’ हा शब्द जेथे आहे, तेथे तो खोडू नये. त्याखाली लिहावे की, अमका, अमक्याचा मुलगा, अमक्या वर्षी, अमक्या कलमाखाली, ठाण्याच्या न्यायालयात शिक्षा पावला. ज्याचे नुकसान झाले तो अमका. मागे बायको आणि मुले राहिली. शेवटचा ठाऊक असलेला ठिकाणा अमका. विशेषण एकही घालू नये. निंदेचे नको आणि स्तुतीचेही नको.

मात्र हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. दप्तरातील कागद आणखी शंभर वर्षे राहील. ‘काशीस गेले’ असे सांगणारी आजी राहणार नाही. तिला आज रात्री जेवणे झाल्यावर एवढेच विचारावे की, ते गेल्यावर त्यांच्या बायकोने कुंकू लावणे चालू ठेवले होते का. नवरा मेला असे घरास ठाऊक नव्हते, की मेल्याहून मेला असे घराने ठरविले होते, ते ह्या एका उत्तरावरून कळते. आणि न्यायखात्याच्या कोणत्याही खंडात ते उत्तर लिहिलेले नाही.